आईचा हात तेलानं नाई जळला

ऐका, हे मले आत्ताच लिवाचं आहे, चहा थंडा झाला तं होऊ द्या. माह्या आईचा उजवा हात तेलानं जळला नाई. गावात साऱ्याईले तेच माहीत आहे, तिनंच तसं सांगितलं, आन् मी दोन वर्षं गप्प बसलो. हात जळला माह्यानं.

झालं असं. धानावर फवारा माराचा आमचा बॅटरीवाला पंप आहे, पाठीवर घ्याचा. त्याची कंपनीची जड बॅटरी खराब झाली, म्हणून मी मोहाडीच्या बाजारातून दुसरी आणली. निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली, नाव ना गाव, पण हातात घेतली तं अशी हलकी! बाबा म्हणे, "आत काय मुरमुरे भरले का?" मी म्हटलं, "बाबा, नवीन टेक्नॉलॉजी आहे, तुमाले नाई समजणार." चार्जर जुनाच लावला. पंधरा दिवस मस्त चालली. हलकी आहे, हलकी आहे, म्हणून मी गावभर सांगत फिरलो.

मंग एक दिवस वावराच्या धुऱ्यावर पाय घसरला आन् मी पंपासकट धानाच्या बांधीतल्या चिखलात. बॅटरीत पानी गेलं. त्याच्या आदल्या साली माहा मोबाईल भिजला होता, तो तांदळाच्या डब्यात ठेवून सुरू झाला होता. बॅटरी काही डब्यात मावे ना. बाबा म्हणे, "कोंड्यात ठेव, कोंडा ओल ओढते." मी गिरणीतून आणलेल्या कोंड्याच्या पोत्यात खोल दाबली. दोन दिवसानं काढली तं मधून फुगलेली. आई म्हणे, "अरे, हे तं पोट फुगल्या गोऱ्ह्यावानी दिसते." आमी तिघंही हसलो. आन् मी ते चार्जिंगले लावली.

सपरीत, घराच्या पुढच्या पडवीत, एकच बोर्ड चालते. त्याच्याच बाजूले दादाच्या पोरीचा झोका बांधला होता, आन् पोरगी झोपली होती. वहिनी मागं भांडे घासून राहिली होती. दुपारचा टाइम, आजूबाजूचे सारे वावरात गेले होते, मी बाजेवर मोबाईल पाहत. आधी वास आला, गोडसर, नखपालिशसारखा. मंग सुई सुई असा आवाज. वळून पाहिलं तं पांढरा धूर. आन् खरं सांगतो, मी नुसता उभा राहिलो.

आई चुलीपासून धावत आली. बॅटरी झोक्याच्या अगदी खाली होती, पोरीले काढाले टाइम नव्हता. तिनं पदर हाताले गुंडाळला, बॅटरी उचलली आन् अंगणात फेकली. हातातून सुटता सुटताच फुटली. फटाका एकदा वाजते. हे वाजतच राहिली, एक सेल, मंग दुसरा, मंग तिसरा. नायलॉनचा पदर आईच्या हाताले चिपकला. पोरीले काही झालं नाई.

दवाखान्यात नर्सनं इचारलं, "कशानं जळलं?" मी तोंड उघडलं, तं आईच म्हणे, "तेल उडालं बाई. वडे तळत होती." मंग मले हळूच, "चूप राय. जनमभर तुले बोलतीन लोकं."

जखम भरली, पण दोन बोटं सरळ होत नाई. रोवणीत आई साऱ्या बायांच्या पुढं राहे. डाव्या हातात पऱ्ह्याची, धानाच्या रोपाची जुडी, आन् उजवा हात चालला का चाललाच. आता तिच्या ओळीत जागा सुटते, सोबतच्या बाया मागून भरतेत. एखादी म्हणते, "अवो, लय महाग पडले तुले वडे!" आई हासते. मी तवा दुसरीकडं पाहतो.

आज सकाळी बाजूच्या काकाकडं गेलो, तं खाटेखाली तशीच निळी बॅटरी, चार्जिंगले लावलेली. मी आधी वायर काढली.

काका म्हणे, "काहून काढली बे? तूच तं सांगितलं होतं, हलकी आहे म्हणून!"

मंग सारं सांगितलं, तिथंच, उभ्या उभ्या. काकू आतून बाहेर आली.

"मंग वडे?"

"वडे नव्हतेच काकू."

घरी येऊन आईले सांगितलं. ती तांदूळ निवडून राहिली होती, वर पाहिलं नाई. एक खडा काढून फेकला आन् म्हणे, "त्याईनं बॅटरी घराबाहेर काढली ना?"

तुमच्या घरी असं काही झालं आहे का? झालं असन तं, कशानं जळलं म्हणून सांगितलं तुमी?