दाजींच्या गाडीचा टर्बो

धुळ्यात देवपूरला भूपेंद्रचं गॅरेज होतं. डिझेल गाडीचा टर्बो वाढवून घ्यायला लांबून पोरं यायची. इंजिनात जास्त हवा कोंबली की गाडी पळते, एवढंच त्यांना ठाऊक. भूपेंद्र मात्र आधी टर्बो तपासायचा, पाइप बघायचा, दाब दाखवणारा काटा बसवायचा आणि मग हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, थोडा थोडा वाढवत स्वतः हायवेला चालवून पाहायचा. मनाला पटलं नाही तर गाडी तशीच परत. "तुम्ही कामं घेता कमी, माघारी पाठवता जास्त," बायको दिपमाला म्हणायची.

हितेंद्रदाजींची गाडी मात्र त्याला माघारी पाठवता आली नाही.

दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचे, ज्योत्स्नाचे यजमान. सावद्याला त्यांचा केळीचा व्यापार. दोघं तिच्या माहेरी, भूपेंद्रच्या घरी आले होते. भूपेंद्रने त्यांच्या गाडीच्या टर्बोचा पंखा बोटाने हलवून पाहिला आणि म्हणाला, "दाजी, दांडा ढिला झालाय. आधी टर्बो बदलू. असाच बूस्ट वाढवला तर ऑइल इंजिनात शिरेल."

"नवीन कधी येईल?"

"आठवडा तरी लागेल."

"परवा पुतण्याचं लग्न आहे. मेहुणा गाडी पळती करून देतोय, असं सगळ्यांना सांगून बसलोय मी. का आता दुसऱ्याच्या दारी जाऊ?"

खाटेवरून भूपेंद्रचे वडील, आबा म्हणाले, "करी दे रे, जवाई शेतस."

जावई आहेत म्हटल्यावर विषय संपला. भूपेंद्रने दाब वाढवला. थोडाच. "टर्बो बदलेपर्यंत हळू चालवा," असं दोनदा बजावलं. दाजी हसले.

त्याच दुपारी सावद्याला परतताना पारोळ्याच्या पुढे ट्रकला मागे टाकायला दाजींनी पाय दाबला. टर्बोचं ऑइल अडवणारं सील गेलं आणि इंजिन आपल्याच ऑइलवर पळू लागलं. दाजींनी गाडी कडेला घेतली, किल्ली काढली, तरी ते किंचाळतच राहिलं. पांढऱ्या धुरात रस्ता दिसेना. त्यांनी बॉनेट उघडलं. ज्योत्स्ना पाण्याची बाटली घेऊन धावली आणि इंजिन फुटलं. उकळतं ऑइल तिच्या मानेवर, उजव्या हातावर आलं.

टॉप गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला असता तर इंजिन बंद पडलं असतं. भूपेंद्रला हे माहीत होतं. दाजींना सांगायचं मात्र सुचलं नव्हतं.

दवाखान्यात दाजी चारचौघांत म्हणाले, "याने हात लावला आणि बघा." मी नको म्हणत होतो, हे भूपेंद्रच्या ओठावर आलं. पण पाना तर त्यानेच फिरवला होता. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. भूपेंद्र बहिणीला आणायला सावद्याला गेला. दाजी बाहेर आलेच नाहीत. ज्योत्स्नाने डाव्या हाताने पाणी दिलं. उजव्या हाताची बोटं वळत नव्हती.

"येस ना, ताई?"

"त्या धाडतस नही, भाऊ." दाजी बसले होते त्या खोलीकडे बघून मग हळूच म्हणाली, "तू आते येत नको जाऊ. मागून माले ऐकनं पडस."

पाणी तसंच ठेवून तो उठला. तो एकटाच परतलेला पाहून आबा त्या रात्री जेवले नाहीत.

गॅरेज त्याने बंद केलं. आता चाळीसगाव रोडला दुसऱ्याकडे तो ऑइल बदलतो, पंक्चर काढतो. त्याचं जुनं नाव ऐकून अजून कुणी येतं, बूस्ट वाढवून मागतं. भूपेंद्र मान वर करत नाही.

"माले येत नही," म्हणतो.