वलवणला दातांच्या कायद्याची सभा

१९३८, माघ महिना. वलवणच्या देवळापुढं सभा. हजर: मुंबईच्या कायदेमंडळाचे एक सभासद, गावचे पाटील, बरेचसे गावकरी, माझी मावशी आणि तिच्या मुलीला बघायला आलेले मुलाचे वडील, आबा. टिपणाला मी, कारण लोणावळ्याच्या शाळेत शिकवत होते.

सभासदांना कायदा करून घ्यायचा होता: बाजारच्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात दातांचा डॉक्टर बसावा. त्यासाठी सभागृहात सांगायला गावोगावची दुखणी हवी होती. आमच्याकडं दाढ ठणकली की रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडात धुरी घ्यायची, एवढाच इलाज. मावशीनं इतकी धुरी घेतली होती की लुगड्याला वास बसला होता, तरी गाल टम्म.

"दात कुणाचे दुखतात?" सभासदांनी विचारलं.

घरोघरी लग्नाच्या मुली. सोयऱ्यादेखत घरातला किडका दात कोण काढून दाखवणार?

"आमच्या गावात दातदुखी न्हाई," पाटील म्हणाले.

"मग मावशी, तुमचा गाल?"

"विडा हाय," मावशी म्हणाली. आबा तिच्याकडंच बघत होते.

"माझाबी विडाच," मागून एक सुजलेले भाऊ म्हणाले.

सभासद पानाचे शौकीन. खूश होऊन त्यांनी डबा उघडला. "आता आमचाही एक घ्या."

नाही म्हणायची सोय नव्हती. मावशीनं तो चांगल्या बाजूला धरला, पण सुपारी घसरून नको त्या दाढेखाली गेली. "आई गं" म्हणून तिनं गाल धरला. विडा ओटीत पडला. पडला तो एकच, सभासदांचा. गाल होता तेवढाच राहिला.

मी पेन्सिल खाली ठेवली. मुलीचं स्थळ गेलं, असं वाटलं.

आबा म्हणाले, "विहीणबाई, आमी पोरगी बघाय आलतो, तुमची दाढ न्हाई." मग स्वतःचा जबडा उघडला. "ही बघा. धुरीनं कीड गेली म्हनत्यात. माझी तर दाढच गेली."

विहीणबाई म्हटल्यावर लग्न ठरलंच. मग एकेक तोंड उघडत गेलं. पाटलांच्याच दोन दाढा निघाल्या.

पुढच्या वर्षी लढाई लागल्यावर मुंबईच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि कायद्याचा मसुदा मुंबईतच राहिला. मावशीला आता नातू आहे. दाढ काढायला तिला पुण्याला न्यायचं ठरलंय. भात झोडून झाला की जाऊ, असं ती दरवर्षी म्हणते. अजून न्यायचंच आहे.