दगूअण्णांचं अर्थिंग

दगूअण्णा कुणाच्याही गाडीत बसले की आधी मीटरकडे पाहत, मग माणसाकडे. माझ्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा नाव विचारायच्या आधीच म्हणाले, "डिझेलचा काटा अडकतोय तुमचा. किती दिवस अंदाजानं चालवताय?" ते मूळचे निफाडकडचे. पंचवटीत आम्ही एकाच गल्लीत राहत होतो. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, ज्याला म्हणून मीटर आहे ते सगळे दुरुस्तीला त्यांच्याकडे येई.

एकदा दसऱ्यानंतर धरणावरून सुमनताईंचा फोन आला. पतीच्या पश्चात पर्यटकांची मोटरबोट त्या स्वतः चालवत. इंजिन ठणठणीत होते, पण तेल, तापमान आणि डिझेल असे तिन्ही काटे एकदम नाचत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती. त्यात नापास झाली, तर बोट दिवाळीच्या सुटीभर किनाऱ्याला बांधून राहणार होती. एका मेकॅनिकने तिन्ही मीटर बदलायला सांगितले होते आणि नवे यायला आठवडा लागणार होता. मी अण्णांना घेऊन गेलो.

"तिघं एकदम आजारी पडत नसतात, ताई," अण्णा म्हणाले. "तिघांनी एकाच ठिकाणी काहीतरी खाल्लेलं असतं."

त्यांनी वायरचा एक तुकडा घेतला. त्याचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे मीटरच्या पाठीमागे लावले. काटे जागेवर आले. "मीटर लय चांगले हायेत. अर्थिंग तुटतंय कुठंतरी."

मग ते मीटरपासून निघालेली बारीक काळी वायर चाचपत खाली उतरले. ती इंजिनावरच्या एका बोल्टखाली दाबलेली होती. खंडेनवमीच्या पूजेसाठी ताईंनी सगळे इंजिन स्वतःच्या हाताने हिरवेगार रंगवले होते. बोल्ट काढला, तर त्याच्या खालीही रंगच; वायर लोखंडाला टेकतच नव्हती. अण्णांनी तेवढी जागा लोखंड चमकेपर्यंत घासली आणि बोल्ट आवळला. काटे शांत झाले.

"काय होतं, अण्णा?" ताईंनी विचारले.

"गंज."

"आमच्या यांनी कधी गंज चढू दिला नव्हता," ताई हळू आवाजात म्हणाल्या.

"पाण्यातला धंदा हाय, ताई. गंज काय विचारून येतो का?"

परतताना मी म्हटले, "खरं का नाही सांगितलं? पुढच्या वर्षी परत रंगवतील."

"नवऱ्याच्या इंजिनाला एवढ्या मायेनं रंग दिलाय तिनं. त्यात खोट काढू? पुढच्या वर्षी मी येईन ना!"

बोट तपासणीत पास झाली. त्यानंतर चार वर्षे अण्णा खंडेनवमीच्या आधी धरणावर जात, तो बोल्ट खोलत, जागा झाकत आणि ताईंनी दिलेला रंग वाळला की परत आवळत. ताईंनी विचारले तर म्हणत, "सवय हाय माझी."

यंदा श्रावणात अण्णा गेले. मी फोनवर कळवले. ताई म्हणाल्या, "त्या बोल्टखाली रंग जाऊ द्यायचा नाही, एवढंच ना? मला पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"मग त्यांना बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर ते दर वर्षी कशाला आले असते?"