खिशात घटना बाळगणारे काका

आमचे घटनाकाका कोटाच्या आतल्या खिशात आयर्लंडची राज्यघटना बाळगत. काकू म्हणत, "यांच्या खिशात एखाद वेळी रुमाल नसेल, घटना असतेच." मूळचे पुण्याचे, डब्लिनजवळच्या ल्यूकनमध्ये सॉफ्टवेअरवाले. गणपतीच्या जेवणात कुणी नवखा कुरकुरला, की शाळा प्रवेशाला बाप्तिस्म्याचा दाखला मागते, तर काका ताट खाली ठेवून पुस्तिका उघडत. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याच्यासोबत शाळेत जात. 2016 साली डब्लिनला शिकायला आलेल्या मला कायदा वाचायची चटक त्यांनीच लावली. माझा त्यांच्यावर फार जीव होता.

त्यांची मुलगी सई दुसरीत होती. शाळा कॅथलिक, पण सरकारी पैशावर चालणारी. सगळा वर्ग पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या सोहळ्याची, गाणी बसवायचा आणि सई मागच्या टेबलावर एकटी चित्रं रंगवायची. काका मला घेऊन मुख्याध्यापिकेकडे गेले. "कलम चव्वेचाळीस. धर्मशिक्षण टाळायचा मुलीला हक्क आहे."

बाई गोड हसल्या. "टाळतेच आहे की ती. मागे बसते. कुणी काही म्हणतं का तिला?"

गाडीत बसल्यावर काकांनी दार आपटलं. "हक्क म्हणजे कोपरा असतो का रे?"

दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये काका मराठी शाळा चालवत; मी मदतीला असे. सुरुवात गणपतीच्या श्लोकाने. एकदा नागपूरच्या एक बाई मुलाला घेऊन आल्या. "सर, आम्ही बौद्ध आहोत. आमचा अनिकेत श्लोक म्हणणार नाही. थेट बाराखडीपासून सुरू कराल का?"

"अहो, श्लोक म्हणजे धर्म थोडाच? संस्कार आहेत ते. उच्चार सुधारतात." काका मोकळेपणाने हसले. "आणि नसेल म्हणायचा, तर मागे बसू दे की. कोण काय म्हणतंय त्याला?"

"मागेच बसायचं असतं, तर इतक्या लांब कशाला आलो असतो, सर?"

मी उठलो. "काका, कलम चव्वेचाळीस."

ते रागावले नाहीत. गणितातली चूक दाखवावी तसं म्हणाले, "ते सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना लागू. हा हॉल आपण आपल्या पैशाने घेतो. नीट वाच." कायद्याने ते बिनचूक होते, आणि तिथेच माझ्या मनातून उतरले.

बाईंना दुसरी मराठी शाळा नव्हती. अनिकेत मागे जाऊन बसला. श्लोक सुरू झाला, तशी सई पहिल्या रांगेतून उठली, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि सराईतपणे समजावू लागली, "डोन्ट लुक अ‍ॅट देम. लुक आउट द विंडो. देन इट्स ग्रँड."

काका डोळे मिटून श्लोक म्हणत होते. तो संपायच्या आत मी बाहेर पडलो. पुन्हा त्यांच्या दारात गेलो नाही.