ड्रोनसमोर उभं राहायचं काम

माझी मामी मुळात भित्री. फुगा फुटला तरी ती दोन्ही कानांवर हात ठेवायची. म्हणून तिला ड्रोनसमोर उभं राहायचं काम मिळालंय हे कळलं, तेव्हा घरात सगळे पोट धरून हसले. मामा तर म्हणाला, "अगं, झुरळ उडालं तर तू पलंगावर चढतेस!"

ती एका कंपनीत लागली होती झाडलोटीला. छोट्या ड्रोनने माणसाला, भिंतीला, तारेला धडकू नये म्हणून त्याला डोळे बसवायचं काम तिथे चाले. समोर दोन कॅमेरे, आणि काय किती लांब आहे हे ओळखून थांबायचं की वळायचं ते ठरवणारी एक चकती, म्हणजे चिप. चाचणीसाठी चाकांच्या स्टँडवर कापूस भरलेली बाहुली होती. पण बाहुली श्वास घेत नाही, पाय बदलत नाही, नाक खाजवत नाही. खरा माणूस लागायचाच. आधी उभा राहणारा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा साहेब म्हणाले, "काकू, पाच मिनिटं उभ्या राहता का?"

त्या पाच मिनिटांची दोन वर्षं झाली.

शेड लांबलचक, पूर्वीचं कापडाचं गोदाम. जमिनीवर पिवळ्या पट्टीची फुली, तिच्यावर मामी. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर जाड चष्मा, अंगात गादीसारखं जाकीट. पलीकडच्या टोकाला इंजिनिअर मुलगी, तिच्यापुढे स्क्रीन. गांधीलमाश्यांचं पोळं उठावं तसा आवाज व्हायचा आणि परातीएवढं ते यंत्र जोरात दामटलेल्या सायकलीच्या वेगाने थेट छातीवर यायचं. दोन हातांच्या अंतरावर थांबायचं. मग बाजूने वळसा घालून जायचं.

"काकू, वाकू नका हं," इंजिनिअर ओरडायची. "तुम्ही वाकलात की चाचणी फुकट जाते."

मामी गाल आतून दातांत धरून उभी राहायची. संध्याकाळी जेवताना तिखट लागलं की तोंड पोळायचं, पण कुणाला सांगायची नाही. घरी कुणी पंखा लावला तरी तिची मान आपोआप खांद्यात जायची.

दुसऱ्या वर्षी थंडीत एके दुपारी ड्रोन थांबला तो दोन हातांवर नाही, एका वितीवर. पात्यांचा वारा ओठांवर लागला.

"मॅडम, आज फार जवळ आला."

"थांबला ना पण? काही नाही होत, काकू."

दोन दिवसांनी पुन्हा तसंच. तेव्हापासून मामी बघायला लागली. हे व्हायचं चारच्या सुमाराला. तिच्या पाठीमागे मोठी काचेची खिडकी होती. त्या वेळी सूर्य खिडकीत उतरायचा, मामीची सावली इंजिनिअरच्या टेबलाच्या दिशेने लांब पसरायची, आणि इंजिनिअर कपाळावर हात आडवा धरून बघायची. माणसाचे डोळे दिपतात, तर खिडकीकडे तोंड करून येणाऱ्या कॅमेऱ्यांचं काय होत असेल? पण झाडणाऱ्या बाईने हे शिकलेल्यांना कसं सांगायचं? म्हणतील, घाबरट आहे, कारणं शोधते. चार वाजत आले की ती वळून खिडकीकडे बघायची.

मग खरेदीदारांचा दिवस आला. औषधांची पाकिटं इमारतींच्या गच्च्यांवर पोचवणारी मंडळी. यायची होती सकाळी अकराला, आली पावणेचारला. साहेब घामाघूम. पाहुणे खुर्च्यांवर बसले आणि साहेबांनी मामीला खूण केली.

मामी फुलीपर्यंत गेली. समोर तिची सावली टेबलाकडे लांब पसरली होती. पात्यांचा आवाज सुरू झाला.

"मी नाही उभी राहणार," मामी म्हणाली.

साहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"बाहुली लावा साहेब. मी नाही."

"दोन वर्षं उभ्या राहताय काकू! आजच काय झालं?"

"त्याच्या डोळ्यांत ऊन जातंय."

पाहुण्यांपैकी एक जण खो खो हसला. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. मामी सांगते, तेव्हा तिला ड्रोनपेक्षा नोकरीची भीती जास्त वाटत होती, पण पायच पुढे जाईनात. इतक्यात इंजिनिअर उठली, बाहुली ढकलत आणली आणि फुलीवर उभी केली.

ड्रोन निघाला. वेग कमी झाला नाही. वळला नाही. सरळ बाहुलीच्या गळ्यात घुसला. कापूस उधळला, पात्याचा एक तुकडा भिंतीवर आपटून खणकन खाली पडला. कुणी हसलं नाही. मामी जमिनीवर बसली आणि तिला तिथेच उलटी झाली.

पाहुणे सही न करता गेले. साहेब आठ दिवस मामीशी बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी कापूस गोळा करताना इंजिनिअर तिच्याजवळ येऊन बसली. "काकू, मला माहीत होतं. थोडंसं. चारच्या सुमाराला स्क्रीनवर थांबण्याचं अंतर कमी येत होतं. म्हटलं, आजचं पार पडू दे, मग बघू."

"थोडंसं म्हणजे केवढं गं?" मामीने विचारलं. एरवी ती तिला अहो-जाहो करायची.

मुलगी रडायला लागली. मामीने तिला जवळ घेतलं नाही. घेववलं नाही, म्हणते.

नव्या चकतीला चार महिने लागले. आता कॅमेऱ्यांच्या जोडीला आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारी वस्तू बसवली. तिला उन्हाशी काही देणंघेणं नाही. मामीने नोकरी सोडली नाही, पण अट घातली: आधी बाहुली, मग ज्याने यंत्र बनवलं तो, आणि मग मी.

पहिल्यांदा इंजिनिअर फुलीवर उभी राहिली ती चार वाजताच. टेबलाशी मामी, तिच्या हाताखाली ड्रोन बंद करायचं लाल बटण. यंत्र निघालं. मामी सांगते, स्वतः उभी असताना इतकी भीती कधी वाटली नव्हती. बोट बटणाला टेकलेलं होतं. आधी दाबलं तर चाचणी फुकट, उशिरा दाबलं तर पोरगी.

ड्रोन दोन हातांवर थांबला. वळला. मुलीने डोळे घट्ट मिटले होते. पाती पूर्ण थांबेपर्यंत मामीने हात उचलला नाही.