धरून ठेवलेला हात

दिनकरराव वझलवार हे कुणावर जोर करणाऱ्यांतले नव्हते. तरुणपणी नागपूरहून दिल्लीला आले, केंद्र सरकारच्या पाटबंधाऱ्यांच्या खात्यात नकाशे काढायला बसले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. साहेबाशी वाद नाही, शेजाऱ्याशी तंटा नाही. कुणाकडे जायचं, कुणाला बोलवायचं, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, हे सगळं बायको ठरवायची आणि ते ‘बिल्कुल’ म्हणून मान डोलवायचे.

बायकोचं नाव प्रभा. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये तिचा आवाज चार घरं पलीकडे जायचा. भाजीवाल्यापासून मंत्रालयातल्या सचिवाच्या बायकोपर्यंत ती सगळ्यांशी एकाच सुरात बोलायची. घाबरायची ती फक्त सुईला. शाळेत देवीची लस टोचायला माणसं आली की मागच्या कुंपणावरून पळून जायची, असं तिची आई सांगे. लेकीच्या, मीनाक्षीच्या, जन्माच्या वेळी तर दवाखान्यात नर्सला म्हणाली होती, “कळा कितीही येऊ देत, पण ती सुई माझ्याजवळ आणू नका.”

निवृत्तीनंतर दोघं मयूर विहारला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. पडदे शिवून व्हायच्या आतच प्रभाला डाव्या स्तनात गाठ लागली. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की डाव्या हाताला यापुढे सुई लावायची नाही, हात सुजून बसेल. म्हणजे केमोचं सगळं औषध एकट्या उजव्या हातातून जायचं.

पहिल्या दोन वेळा निभावलं. तिसऱ्या वेळेपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंतची शीर सुतळीसारखी कडक झाली होती. हात लावला तरी प्रभा कळवळायची. सिस्टरने रबराचा पट्टा आवळला, हातावर चापट्या मारल्या, सुई घातली, आत फिरवली, बाहेर काढली. मग दुसरीकडे घातली. प्रभाने हात ओढून घेतला तशी सिस्टर दिनकररावांना म्हणाली, “अंकल, ऐसे खड़े मत रहिए. हाथ पकड़ के रखिए.”

ते पुढे झाले. एका हाताने तिचं मनगट आणि दुसऱ्याने कोपर धरलं. जन्मभर ड्रॉइंग बोर्डवर काम केलेला माणूस, हात थरथरणं ठाऊक नव्हतं. सुई आत गेली तेव्हा प्रभाचा सगळा दंड त्यांच्या बोटांखाली ताठ झाला. शीर सापडली.

“अंकल बहुत अच्छा पकड़ते हैं,” सिस्टर म्हणाली. तेव्हापासून ते काम त्यांच्याकडे आलं.

हॉस्पिटलात प्रभा आता बोलेनाशी झाली. लिफ्टमध्ये स्पिरिटचा वास आला की तिथेच तिला कोरडी उलटी यायची. मीनाक्षी गुडगावहून सुटी काढून यायची आणि दारापाशी उभी राहायची. ती दिल्लीत वाढलेली, मराठी अर्धंमुर्धं. “आई, बस थोडंसं पेन होणार,” असं काहीतरी म्हणायची आणि तोंड फिरवायची. एकदा शीर सापडली असं वाटलं, औषध सुरू केलं आणि ते शिरेत न जाता बाहेर कातडीखाली पसरलं. मनगटाच्या मागची जागा आधी लाल, मग काळी पडली आणि महिनाभर चिघळत राहिली. घरी दिनकरराव गरम पाण्यात फडकं पिळून शेक द्यायला बसत. त्यांची बोटं जवळ आली की प्रभाचा हात आपोआप मागे जाई.

“अगं, मी आहे,” ते म्हणत.

“कळतंय हो,” ती म्हणे. “हाताला कळत नाही.”

मग डॉक्टरांनी कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत, एक लहानशी डबी बसवली. आता औषध त्यातून जाणार होतं, हाताला टोचायचं कारण उरलं नव्हतं. ते चार-पाच महिने बरे गेले. प्रभाच्या डोक्यावर बारीक केस आले. एका रविवारी तिने मीनाक्षीला घेऊन सरोजिनी नगरचा बाजार पालथा घातला आणि नको असलेले तीन कुडते घेऊन आली. दिनकररावांना वाटलं, संपलं सगळं. सोसायटीतल्या लोकांना त्यांनी आपण होऊन पेढे वाटले.

पावसाळा सरता सरता प्रभाला हुडहुडी भरून ताप आला. त्या डबीतच जंतू शिरले होते. ती काढून टाकावी लागली. त्याच वेळी केलेल्या तपासणीत आजार यकृतात पोचल्याचं कळलं. नवी औषधं सुरू करायची ठरली. रक्तातल्या पेशी इतक्या कमी झाल्या होत्या की दुसरी डबी बसवायला डॉक्टर तयार होईनात. पुन्हा तोच उजवा हात.

त्या दिवशी वॉर्डात एक नवा, थकलेला डॉक्टर होता. हात झाला, मग पाऊल झालं. पायाच्या घोट्याजवळ दोनदा शीर फुटली आणि चादरीवर रक्ताचे डाग पडले. त्याने पुन्हा हाताकडे मोर्चा वळवला. प्रभाने दिनकररावांकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, “सोडा. अहो, सोडा आता.”

“बस हो गया, अंकल, छोड़ना मत,” डॉक्टर म्हणाला.

दिनकररावांनी सोडलं नाही. ती परत म्हणाली, “सोडा ना.” त्यांनी पकड आणखी घट्ट केली. चाळीस वर्षांच्या संसारात प्रभाने सांगितलं आणि त्यांनी केलं नाही असं बहुधा पहिल्यांदाच होत होतं. सुई आत गेली. बाटलीतलं औषध संध्याकाळपर्यंत थेंब थेंब उतरत राहिलं. पुढच्या तपासणीत गाठी होत्या त्याहून मोठ्या दिसल्या. त्या औषधाचा काहीच उपयोग झाला नव्हता.

घरी आल्यावर तिने तो विषय काढला नाही. दिनकररावांनीच काढला. “प्रभा, तुझ्यासाठीच धरलं होतं गं.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “दुसरा कोणी असता तर मी ओरडले असते, चावले असते. तुम्ही होतात म्हणून गप्प राहिले.”

एवढंच. त्यानंतर अंग पुसणं, कुशीवर वळवणं, पाणी पाजणं हे सगळं ती मीनाक्षीकडून करून घेऊ लागली. दिनकरराव जवळ आले की ती पांघरुणात हात घ्यायची. मुद्दाम नव्हे. त्यांनाही ते दिसत होतं की मुद्दाम नव्हे, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं.

शेवटी त्यांनी डॉक्टरांना गाठून सांगितलं, की आता टोचाटोची बंद करा. आयुष्यात एखाद्या मोठ्या माणसाला त्यांनी असं पहिल्यांदाच सांगितलं. डॉक्टर लगेच ‘हो’ म्हणाले. घरी न्या, म्हणाले, आराम करने दीजिए. दिनकरराव परत आले आणि प्रभाला म्हणाले, “आता नाही टोचणार कोणी. मी शब्द देतो.” प्रभाने डोळे मिटून मान हलवली.

शब्द दोन आठवडेसुद्धा टिकला नाही. एका दुपारी तिला उलट्यांवर उलट्या सुरू झाल्या, डोळे पांढरे झाले. मीनाक्षी घाबरली. “बाबा, आपण असं बघत नाही बसू शकत,” म्हणून तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. दिनकररावांनी दार अडवलं नाही. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये तिला नेलं. मीनाक्षी काउंटरवर फॉर्म भरायला थांबली. तिथे तिची ओळख असणारं कोणी नव्हतं. अंगातलं पाणी संपलंय, सलाईन लावायलाच हवं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सिस्टरने सवयीने म्हटलं, “अंकल, ज़रा पकड़िए.”

“मी नाही धरणार,” ते मराठीतच म्हणाले. मग हिंदीत, “मैं नहीं पकड़ूँगा.” आणि पडद्याबाहेर जाऊन उभे राहिले. आपण एवढं तरी तिच्यासाठी केलं, असं त्यांना वाटलं.

मग एका वॉर्डबॉयने धरलं. दांडगा माणूस होता, त्याने दोन्ही हात धरले, डावाही. पडद्याआडून प्रभाचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी एवढा मोठा. “अहो! अहो, कुठे आहात?” ती हाका मारत होती. सोडा म्हणत नव्हती. ते आत आहेत असं समजून शोधत होती, की कोणा परक्याच्या हातात दिलं म्हणून रागावली होती, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी पडद्याला हात लावला. आत जाऊन काय करणार, तिचा हात धरणार? पाय उचललाच नाही. आत हाका थांबल्या आणि सिस्टर म्हणाली, “मिल गई.”

प्रभा तिसऱ्या दिवशी गेली. त्या रात्री तिची शुद्ध हरपली ती परत आलीच नाही. सलाईन शेवटपर्यंत चालू होतं.

ती हाका मारत होती आणि आपण आत गेलो नाही, हे मीनाक्षीला त्यांनी कधी सांगितलं नाही. तिला वाटतं, बाबांना आईचे हाल बघवले नाहीत म्हणून ते बाहेर गेले. ती त्यांची काळजी घेते, रोज फोन करते. हिवाळ्यात तिने हट्ट धरून त्यांना साखर तपासायला लॅबमध्ये पाठवलं. तिथल्या मुलीने पट्टा बांधला, एकदाच टोचलं आणि रक्त भरभर आलं.

“अंकल, आपकी नस तो बहुत बढ़िया है,” ती हसून म्हणाली. “दर्द हुआ?”

“नहीं,” ते म्हणाले. खरंच झालं नव्हतं. त्यांनी बाही खाली केली, बाहेरच्या बाकावर येऊन बसले. घरी जायची घाई नव्हती. एकामागून एक माणसं आत जात होती, कापूस दाबत बाहेर येत होती. लॅब दुपारची बंद व्हायला आली तेव्हा चौकीदाराने त्यांना उठायला सांगितलं.