नागीण, मकडी आणि सोमवारचं फिट

"सोमवार को आठ बजे बोर्ड पर बैठ जाऊँगा," असं मी फोनवर पांडेजींना सांगून टाकलं, तेव्हा माझ्या कमरेला उजव्या बाजूने आग लागली होती आणि सदऱ्याची शिवणसुद्धा टोचत होती. पण सांगून बसलो. पांडेजी आमचे चीफ कंट्रोलर. त्यांना नाही म्हणायची सवय मला अख्ख्या नोकरीत लागली नव्हती.

मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो. आमचं काम लोकांना माहीत नसतं, कारण आम्ही कुठल्याच स्टेशनवर दिसत नाही. वाराणसीतल्या एका हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून बसतो. समोर कॉम्प्युटरवर आपल्या लाइनचा चार्ट, फोनवर त्या लाइनवरची सगळी स्टेशनं. कुठली गाडी थांबवायची आणि कुठली पुढे काढायची, ते आम्ही ठरवतो. तुमची गाडी आडगावी वीस मिनिटं उभी राहिली आणि तुम्ही कुणाला तरी मनातून शिव्या घातल्या, तर त्या मला पोचल्या आहेत.

या बसायच्या जागेला बोर्ड म्हणतात. बोर्ड एक मिनिटही रिकामा ठेवता येत नाही. पुढच्या ड्यूटीचा माणूस येतो, खुर्ची ओढून शेजारी बसतो, कुठली गाडी कुठे आहे ते समजून घेतो, आणि मग तेच हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवतो. याला चार्ज देणं म्हणतात. पंधरा-वीस मिनिटं दोन खुर्च्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. पुढे सगळा घोळ या खुर्च्यांनीच केला.

त्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी मी पूनमला चार्ज दिला. पूनम दुबे आमच्यात सगळ्यांत तरुण. आवाज असा खणखणीत की स्टेशनमास्तर पेंगत असेल तर उठून बसायचा. माझी कंबर दोन दिवस दुखत होती. खुर्चीचा दोष, म्हणून मी खुर्चीला नावं ठेवली आणि घरी आलो. बुधवारी माझी सुट्टी. आंघोळीच्या वेळी पाहिलं तर कमरेवर पुरळ, लाल, दाण्यादाण्यांचं, पट्ट्यासारखं पाठीकडे निघालेलं.

माझी आत्या राजा घाटाजवळ राहते. तिला बातमी लागली आणि तासाभरात ती हजर झाली. एक नजर टाकली आणि मटकन खाली बसली.

"अरे देवा, नागीण आहे ही! हिचं तोंड आणि शेपूट मिळू द्यायचं नाही. मिळालं की माणूस गेला."

मग तिने पिशवीतून सुतळी काढली आणि पुरळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर मोजलं. सुतळीला गाठ मारली. रोज सकाळी येऊन मोजणार, म्हणाली. आणि खरंच रोज आली.

दुपारी पूनमचा फोन आला. मी सगळं सांगितल्यावर ती हसायलाच लागली.

"अरे सर, ये तो मकड़ी मूत दी है! हमारे गाँव में सबको होता है। आमचूर घिसकर लगाइए, दो दिन में सूख जाएगा। मेरे बैग में तो आजकल रखा ही रहता है, भिजवा दूँ?"

म्हणजे माझ्या माणसांच्या मते मी मरणार होतो, आणि बनारसच्या मते माझ्यावर कोळी मुतला होता. त्या दोघांच्या मधोमध मी लुंगी सैल करून बसलो होतो.

रेल्वेच्या डॉक्टरांनी नागीण आणि कोळी दोघांनाही निर्दोष सोडलं. लहानपणी ज्या कांजिण्या येतात, ज्याला इकडे छोटी माता म्हणतात, त्याचेच जंतू अंगातल्या नसेत वर्षानुवर्षं झोपून राहतात आणि कधीतरी जागे होतात. त्याची ही गंमत. गोळ्या दिल्या, आमचूर लावू नका म्हणाले, आणि मला सिक केलं. हा आमच्या रेल्वेचा शब्द. आजारी माणूस सिकमध्ये जातो आणि बरा झाला की डॉक्टर त्याला फिट देतात. तो फिटचा कागद नसेल तर तुम्ही बोर्डाला हातही लावू शकत नाही.

शुक्रवारी आग होतीच, पण सोसण्याएवढी. डॉक्टरांनी पाहिलं.

"ये कपड़े के नीचे ढँका है, बैठने का काम है। बहुत मन हो तो सोमवार से फिट दे दूँगा। बस एक बात, दानों पर जब तक पपड़ी नहीं आती, तब तक ये छूत का है। जिसे छोटी माता नहीं निकली, उसे लग सकती है। दफ़्तर में कोई गर्भवती तो नहीं?"

"नहीं," मी ठामपणे म्हणालो. मला काय, विचारलं की उत्तर द्यायची सवय.

जायची घाई मला होतीच, आणि तिचं कारण पूनम होती. आमच्या बोर्डाचा एक जण ट्रेनिंगला, एक लग्नाच्या रजेवर, त्यात मी सिक. आठ तासांची ड्यूटी बारा तासांची झाली होती आणि सगळ्यांत जास्त बारा तास तीच ओढत होती. माझ्या कमरेपायी एक पोर राबते आहे, हे मला टोचत होतं. म्हणून मी शुक्रवारीच पांडेजींना सोमवारचा शब्द दिला. त्यांनी लगेच रोस्टरमध्ये माझं नाव घातलं.

शनिवारी जेवताना मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मकडीचा किस्सा सांगत होतो. आमचुरापर्यंत आलो. तिचा हात वरणाच्या वाडग्यावरच थांबला.

"बॅगेत ठेवते? आमचूर?"

"हो. आजकल रखा ही रहता है, म्हणाली."

"आणि तुम्ही हसलात?"

"मग काय करायचं?"

"अहो, कमाल आहे तुमची! डोहाळे लागलेत तिला. दिवस गेलेत त्या मुलीला."

मी घास तसाच खाली ठेवला. दोन पोरांचा बाप मी. सुनंदाच्या वेळी कच्च्या कैऱ्यांसाठी विश्वेश्वरगंजचा बाजार पालथा घातलेला. आणि ऑफिसातली मुलगी बॅगेत आमचूर घेऊन फिरते, हे मला औषध वाटलं! डॉक्टरांना मी किती ठामपणे नाही म्हणालो होतो, ते आठवून कानशिलं तापली.

सुनंदाने तिथल्या तिथे फोन लावला. दर गणपतीला पूनम आमच्याकडे मोदक खायला येते, त्यामुळे ओळख चांगली. फोन स्पीकरवर होता.

"पूनम, कौन सा महीना है?"

पलीकडून अगदी बारीक आवाज, स्टेशनमास्तरांनी कधी न ऐकलेला. "दीदी... आपको किसने बताया?"

"आमचूर ने."

ती हसली, मग रडवेली झाली. तिसरा महिना नुकताच लागला होता. घरच्यांनी बजावलं होतं, तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर वाच्यता नको, नजर लागते. आधी एकदा तिचं गर्भारपण फुकट गेलं होतं. हे सांगताना ती इतकी हळू बोलली की सुनंदाने फोन कानाजवळ नेला.

"छोटी माता निकली थी तुम्हें, बचपन में?"

"भैया को निकली थी दीदी. दरवाज़े पर नीम बाँध दिया था, और मुझे उसी दिन मिर्ज़ापुर भेज दिया, ननिहाल. मुझे कभी नहीं निकली."

मला पहिली धडकी भरली ती मंगळवारच्या चार्जची. तेव्हा दोन खुर्च्या चिकटलेल्या होत्या. मी डॉक्टरांना फोन केला, खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, दाणे उठण्याच्या आधी हे पसरत नाही, मंगळवारची चिंता सोडा, पण तिला तिच्या डॉक्टरीणबाईंकडून रक्त तपासून घ्यायला सांगा. पुढे ती तपासणी झाली आणि कांजिण्यांशी लढायची ताकद तिच्या रक्तात नाही, असंच निघालं. त्या शनिवारी मी देवासमोर सुनंदाच्या नावाने दिवा लावला. देवाच्या नावाने ती लावतेच.

आता प्रश्न सोमवारचा. मी गेलो तर धोका तिला आणि तिच्या बाळाला. नाही गेलो तर बारा तासही तिलाच. आणि कारण सांगायची सोय नाही, कारण ते कारण तिचं होतं. डॉक्टरांनी आणखी एक आठवडा सिक वाढवून दिलं. पांडेजींना फोन करायचं काम मात्र माझं.

"सर, सोमवार को नहीं आ पाऊँगा."

"क्या मतलब? आपने ज़बान दी थी. डॉक्टर फिट दे रहे थे, आप ही बोले थे."

"सर... घर में मना कर रहे हैं."

"मकड़ी मूत दी, उसमें घर वाले बीच में कहाँ से आ गए?"

समोर आत्या सुतळीला गाठ मारत होती. मी तिच्या तोंडचं वाक्य उचललं.

"सर, हम मराठी लोगों में इसको नागिन बोलते हैं. मुँह और पूँछ मिल गए तो आदमी गया. अभी चार अंगुल बाकी है."

पलीकडे पांडेजी एवढे मोठ्याने हसले की हॉलमधल्या सगळ्यांना कळलं असणार. "इतने बरस रेल चलाई और साँप से डर गए? आपसे ये उम्मीद नहीं थी, सप्रे. डरपोक निकले."

ते मला लागलं. पण मी तोंड मिटून घेतलं. आत्या मात्र खूश झाली. भाच्याला एकदाची अक्कल आली, असं तिला वाटलं.

"और बोर्ड कौन देखेगा? पूनम से फिर बारह घंटे कराऊँ?"

"आप बैठ जाइए, सर."

मी घाईघाईने पुढचं वाक्य जोडलं.

"सर, पेंसिल वाले ज़माने में आपके जैसा चार्ट किसी ने नहीं खींचा. नए लोगों ने देखा ही नहीं है."

ही लबाडी नव्हती; कॉम्प्युटर येण्याआधी चार्ट पेन्सिलीने कागदावर काढायचे, तेव्हाचं हे खरंच होतं. "ठीक है," पांडेजी म्हणाले आणि फोन ठेवला. मोठी खुर्ची मिळाल्यापासून बोर्डावर न बसलेला तो माणूस सोमवारी हेडफोन चढवून बसला. पूनमची ड्यूटी आठ तासांवर आली. मला दिवसातून चार फोन यायचे. "सप्रे, ये चार्ट आगे कैसे खिसकता है?" मी कमरेला ओला फडका धरून त्यांना माउस शिकवत होतो. चौथ्या दिवशी फोन बंद झाले. म्हणजे जमलं.

शेवटच्या दाण्याने खपली धरली तेव्हा दोन आठवडे होत आले होते. सुतळी अर्ध्या कमरेपर्यंत येऊन थांबली होती. आत्याने ती संकठा देवीच्या देवळात नेऊन ठेवली आणि मी फिटचा कागद घेऊन ऑफिसात गेलो.

"आइए, नागराज!" पांडेजी दारातूनच ओरडले. सगळे हसले. चार्ज द्यायला पूनम बसली होती. तिने हेडफोन पुसून माझ्या हातात दिले. डोळे भरलेले होते. मग चार्टकडे बघत, गाड्यांच्या नंबरांच्या मधेच म्हणाली, "कुर्सी पास लाइए सर, अब तो ला सकते हैं."

तीन महिने पुरे झाल्यावर तिने स्वतःच पांडेजींना सगळं सांगितलं. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी दोन मालगाड्या लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घालत होतो.

"सप्रे, मैंने आपको डरपोक कहा था."

"कहा था, सर."

"चाय पिएँगे?"

अख्ख्या नोकरीत त्यांनी मला स्वतः उठून आणून दिलेला तो एकच चहा. साखर विसरले होते. मी सगळा प्यायलो.

आजारी आहोत हे आपलं अंग सांगतं. फिट आहोत की नाही, ते शेजारच्या खुर्चीला विचारून यावं. आणि शेजारची खुर्ची सांगत नसेल, तर घरी बायकोला विचारावं.

मला निवृत्त होऊन वर्ष झालं. पूनमची मुलगी आता चार वर्षांची आहे. गणपतीत आईबरोबर येते, मोदकाचं सारण तेवढं खाते आणि पारी माझ्या ताटात ठेवते. माझं आडनाव तिला कुणी शिकवलंच नाही. दारातून आत येतानाच ती मोठ्याने, थेट आईच्या आवाजात हाक मारते, "नागराज मामा!"